त्या गुरुजींचं नाव काय होतं?

आमच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर एक फ्रेम होती, अब्राहम लिंकनचं हेडमास्तरांना पत्र. तुमच्याही शाळेत असणार. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाने ते वाचलंच नाही असं सहसा होत नाही. सहावीत पाठांतर स्पर्धेला मी ते अख्खं म्हणून दाखवलं होतं आणि पुढे कितीतरी वर्षं माझ्यासाठी लिंकन म्हणजे एवढंच, दाढीवाला भला माणूस ज्याने मुलाच्या शाळेत इतकं सुंदर पत्र पाठवलं.

मागच्या वर्षी भाच्याचा नीटचा निकाल लागला. मार्क इतके कमी की सरकारी कॉलेजचा विषयच संपला. दोन वर्षं ऐरोलीहून ठाण्याला क्लासला यायचा, पाठीवर ती एवढी मोठी बॅग, संध्याकाळी माझ्याकडे नौपाड्यात येऊन चहा-पोळी खाऊन परत जायचा, आणि निकालानंतर ताईचा फोन आला की हा जेवायला बाहेरच येत नाहीये, ताट खोलीत नेतो आणि अर्धं तसंच परत आणतो. फॅमिली ग्रुपवर काकांनी लगेच तेच लिंकनचं पत्र टाकलं, खाली हात जोडलेले. काकांचा हेतू चांगलाच होता. मला वाटलं पोरगा इंग्लिश मीडियमचा आहे, आपण त्याला मूळ इंग्रजी पत्र काढून देऊ, म्हणून रात्री जेवणं झाल्यावर मोबाईल घेऊन शोधायला बसले.

आणि ते सापडेचना. म्हणजे इंग्रजी मजकूर हजार ठिकाणी आहे, पण तारीख कुठेच नाही, शाळेचं गाव नाही, आणि ज्या गुरुजींना पत्र लिहिलंय त्यांचं नावच नाही! लिंकनची पत्रं, भाषणं, चिठ्ठ्या हे सगळं १९५३ साली आठ खंडांत छापलं गेलंय आणि मिशिगन विद्यापीठाने ते नेटवर फुकट ठेवलंय, शोधायची सोय आहे. त्यात हे पत्र नाही. अभ्यासक लोक ते लिंकनचं मानतच नाहीत. मला त्या रात्री खरंच वाईट वाटलं, लहानपणाचं काहीतरी कोणीतरी काढून घेतल्यासारखं. (मराठी अनुवाद मला आजही पाठ आहे आणि तो सुंदरच आहे, त्याबद्दल वाद नाही.)

पण खंड उघडेच होते, म्हणून सहज मुलगा, शाळा, कॉलेज असे शब्द टाकून बघत बसले आणि २२ जुलै १८६० चं एक पत्र समोर आलं. जॉर्ज लॅथम नावाच्या मुलाला. हा लिंकनच्या थोरल्या मुलाचा, रॉबर्टचा मित्र, दोघं एकत्र हार्वर्डच्या तयारीला होते. रॉबर्टला प्रवेश मिळाला, जॉर्ज नापास झाला. आणि रॉबर्ट तरी कसा, आदल्या वर्षी तोही त्याच परीक्षेत आपटलेला, त्याने स्वतःच पुढे सांगितलंय की सोळापैकी पंधरा विषयांत गेलो होतो, मग वर्षभर दुसऱ्या शाळेत तयारी करून परत बसला. आता तारीख बघा. मे १८६० मध्ये रिपब्लिकन पक्षाने लिंकनला राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार केलंय, नोव्हेंबरमध्ये निवडणूक, देश फुटायच्या बेतात आहे, आणि हा माणूस मुलाच्या नापास झालेल्या मित्राला पत्र लिहितोय.

सुरुवातच अशी की, तू हार्वर्डला लागला नाहीस हे काल बॉबच्या (म्हणजे रॉबर्टच्या) पत्रातून कळलं, आयुष्यात याहून जास्त दुःख मला क्वचितच झालं असेल. मग लगेच सांगतो की निराशेने तुला धरून कुरतडू दिलं नाहीस तर यात तसं फार काही नाही. आणि नुसता धीर देऊन थांबत नाही, पुढची वाट सांगतो, की हार्वर्डच्या अध्यक्षांना जाऊन भेट, ते भलेच गृहस्थ असणार, कुठे अडतंय आणि ते दूर करायचा सगळ्यात जवळचा रस्ता कोणता ते तुला दाखवतील. मग म्हणतो, या तात्पुरत्या अपयशाने असं काही सिद्ध होत नाही की जे सहज आत गेले त्यांच्यातल्या अनेकांपेक्षा तू पुढे चांगला विद्वान होणार नाहीस. लिंकनची स्वतःची सगळी शाळा मिळून जेमतेम वर्षभराची, त्यामुळे हे वाक्य त्याच्या हातून आलंय याला वजन आहे.

भिंतीवरच्या पत्रात सगळ्या जगाला लागू होईल असं सगळं आहे. या पत्रात एक मुलगा आहे, एक परीक्षा आहे आणि उद्या सकाळी उठून काय करायचं ते आहे. दोन्ही लागोपाठ वाचली की फरक अंगावर येतो.

त्या रात्री दोन वाजेपर्यंत वाचत होते आणि मग पुढचे सहा-सात महिने तेच चाललंय, स्टेशनवर, ट्रेनमध्ये, मासुंद्याच्या काठावर आईला फिरायला नेते तेव्हा बाकावर बसून. अमेरिकन राष्ट्राध्यक्षांचं मला तोवर काहीच माहीत नव्हतं, वॉशिंग्टन, लिंकन, केनेडी, ओबामा, संपलं. एवढं कळलं की चरित्र वाचण्यापेक्षा पत्रातून माणूस फार लवकर कळतो, फक्त ते कोणाला लिहिलंय ते आधी बघायचं.

लिंकनचा सावत्र भाऊ होता जॉन जॉन्स्टन. सारखा पैसे मागायचा, एकदा ऐंशी डॉलर मागितले. लिंकन तेव्हा अध्यक्ष वगैरे झालेला नव्हता. त्याने लिहिलं की आधी मदत केली तेव्हा तू म्हणालास आता आमचं नीट चालेल आणि थोड्याच दिवसांत परत तिथेच. तू आळशी नाहीस पण रिकामटेकडा आहेस, मी तुला भेटलो त्यानंतर एक दिवस तरी तू पूर्ण काम केलं असशील का याची मला शंका आहे. आणि मग सौदा सांगितला, आजपासून एक मेपर्यंत कोणाकडेही मजुरी कर, तू कमवलेल्या प्रत्येक डॉलरवर एक डॉलर मी माझ्याकडून घालीन. मला हे इतकं ओळखीचं वाटलं. आपल्याकडे प्रत्येक घरात असा एक भाऊ असतो आणि त्याला असं तोंडावर, तरीही प्रेम न सोडता सांगणारं कोणी नसतं.

आणि जनरल मीडचं पत्र. जुलै १८६३, अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू, गेटिसबर्गची लढाई लिंकनच्या बाजूच्या मीडने जिंकली पण शत्रूचं सैन्य घेऊन जनरल ली नदीपलीकडे निसटला. १४ जुलैला लिंकनने मीडला लिहिलं, आधी विजयाबद्दल आभार मानले आणि मग मात्र सगळं बाहेर काढलं, तुझी सोन्यासारखी संधी गेली आणि मला त्याचं मोजता येणार नाही इतकं दुःख आहे. हे पत्र पाठवलं नाही. पाकिटावर त्याच्याच अक्षरात लिहिलंय, जनरल मीड यांस, कधी पाठवलं नाही, सही केली नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर त्याचे कागद स्कॅन करून ठेवलेत, मी मोबाईलवर मोठं करकरून वाचत होते, तिरकं, सुटसुटीत अक्षर आहे. आणि आदल्याच दिवशी, १३ तारखेला, जनरल ग्रँटला पत्र गेलंय, की व्हिक्सबर्गच्या मोहिमेत तुम्ही जे करत होतात ते मला चूक वाटलं होतं, आता कबूल करतो, तुम्ही बरोबर होतात आणि मी चूक होतो. म्हणजे राग होता ते पत्र खणात राहिलं आणि माफीचं पत्र पोचलं, चोवीस तासांच्या अंतराने. मी ऑफिसात एक मोठा मेल लिहून ठेवला होता तो त्या आठवड्यात ड्राफ्टमध्येच राहू दिला.

लिंकनच्या आधीच्या लोकांसाठी फाउंडर्स ऑनलाइन म्हणून एक साइट आहे, अमेरिकन सरकारच्या अभिलेखागाराची, २०१३ पासून आहे, फुकट आहे आणि तिच्यावर वॉशिंग्टन, अ‍ॅडम्स, जेफरसन, मॅडिसन वगैरेंचे पावणेदोन लाखांहून जास्त कागद आहेत. भाषा जुनी आहे, पहिला आठवडा जड जातो, मग सवय होते. मुख्य गोष्ट म्हणजे समोरच्याचं पत्रही तिथेच असतं, ते वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही.

जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफरसन, दुसरा आणि तिसरा अध्यक्ष. जुने मित्र, १८०० च्या निवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभे राहिले, अ‍ॅडम्स हरला आणि जेफरसनच्या शपथविधीला न थांबता पहाटेच निघून गेला. पुढे जवळजवळ अकरा वर्षं दोघांत पत्र नाही. मग १ जानेवारी १८१२ ला अ‍ॅडम्सने छोटंसं पत्र टाकलं की घरी विणलेल्या कापडाचे दोन नग पाठवतोय. मुलगा जॉन क्विन्सी याची वक्तृत्वावरची व्याख्यानं दोन खंडांत छापली होती, त्यांना तो लाडाने घरचं कापड म्हणत होता. पण पत्र आधी पोचलं, पुस्तकं मागून येत होती, आणि जेफरसनला वाटलं खरंच कापड आहे, म्हणून त्याने आमच्याकडे प्रत्येक घर म्हणजे कसा कापडाचा कारखाना आहे, चरखा कोणता, धोटा कोणता, असं सगळं सविस्तर लिहून पाठवलं! दोन दिवसांनी पुस्तकं आली, मग परत पत्र. अकरा वर्षांचा अबोला असा कापडावर बोलत सुटला. पुढच्या वर्षी अ‍ॅडम्सने लिहिलं, एकमेकांना आपलं म्हणणं नीट सांगितल्याशिवाय तू आणि मी मरता कामा नये. चौदा वर्षं लिहीत राहिले, अ‍ॅडम्सची पत्रं जेफरसनच्या दुपटीहून जास्त, आणि दोघंही एकाच दिवशी गेले, ४ जुलै १८२६, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी.

इथपर्यंत मला जेफरसन फार आवडायला लागला होता. मग बेंजामिन बॅनेकरचं पत्र वाचलं. मेरीलँडमधला स्वतंत्र काळा माणूस, गणित आणि खगोलशास्त्र स्वतःच्या बळावर शिकला, पंचांग तयार केलं, आणि १९ ऑगस्ट १७९१ ला ते जेफरसनला पाठवलं, सोबत पत्र. त्यात जेफरसनचंच वाक्य त्याच्यासमोर ठेवलं, सगळी माणसं समान निर्माण झालीत असं तुम्ही लिहिलंत आणि माझ्याच भाऊबंदांना कपटाने आणि जबरदस्तीने गुलामीत ठेवलंत. जेफरसन अकरा दिवसांत उत्तर देतो, अतिशय आदराने, तुमचं पंचांग पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे पाठवतोय म्हणतो. मला वाटलं चला, ऐकलं त्याने. पण १८०९ मध्ये, बॅनेकर वारल्यावर, जोएल बार्लो नावाच्या ओळखीच्याला लिहिलेल्या पत्रात हाच जेफरसन म्हणतो की बॅनेकरचं लांबलचक पत्र माझ्याकडे आहे, त्यावरून दिसतं की त्याची बुद्धी अगदी सामान्य होती. आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं गुलाम म्हणून ठेवली होती या गृहस्थाने. ते पत्र वाचलं तेव्हा मी ट्रेनमध्ये होते, मुलुंड गेलं, ठाणं आलं, मोबाईल पर्समध्ये टाकला आणि चार दिवस ती साइट उघडलीच नाही. मग परत उघडली, कारण बॅनेकरचं पत्र पुन्हा वाचायचं होतं. आपल्याकडे जातीवरून तोंडावर गोड आणि मागे भलतंच बोलणारी शिकलेली माणसं मी पाहिलीत, पण इथे दोन्ही तोंडं तारखेनिशी कागदावर आहेत.

भाच्याचं राहिलंच. लॅथमचं पत्र मी त्याला फॉरवर्ड नाही केलं. गोखले रोडवरून फुलस्केप आणले आणि अख्खं पत्र मराठीत हाताने लिहून काढलं, एका बाजूला मराठी, मागे मूळ इंग्रजी, आणि रविवारी ऐरोलीला जाऊन त्याच्या हातात दिलं. त्याने आधी मागची बाजू वाचली, मग पुढची. बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "मावशी, मग तो गेला का हार्वर्डला?"

म्हटलं, नाही रे, हार्वर्डला नाही गेला, येलला गेला.

"येल पण भारीये," तो म्हणाला. आणि मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, जिथे सहीच्या वर 'व्हेरी ट्रूली युवर फ्रेंड' आहे. "फ्रेंड लिहिलंय? एवढ्या मोठ्या माणसाने? मुलाच्या मित्राला?"

त्या रात्री तो बाहेर येऊन जेवला. वरण-भात आणि बटाट्याची भाजी होती, भाजी दोनदा घेतली. ड्रॉप घ्यायचा की बीएस्सीला जायचं हे अजून ठरायचं होतं, पण सोमवारी तो क्लासच्या सरांना भेटायला एकटाच ठाण्याला आला, नेमकं कुठे अडलं ते विचारायला.