२००० रुपयांत तानपुरा नीट ऐकू येईल का?

बजेट २००० रुपये, वर एक रुपया नाही, असं ठरवून हेडफोन शोधायला बसले आणि लगेच डोकं उठलं. ज्याला विचारावं तो म्हणतोय "बास लई भारी आहे". अरे पण मला बास नकोय! म्हणजे हवाय, पण गाणाऱ्याच्या उरावर बसेल एवढा नको. माझं ऐकणं म्हणजे ख्याल, नाट्यसंगीत, थोडी जुनी भावगीतं, आणि ते पण बहुतेक सांगली-मिरज सिटी बसमध्ये, म्हणजे बाहेरचा गोंगाट अडला पाहिजे, म्हणजे कानाच्या आत बसणारे इअरफोनच बघायचे.

दुकानात ऐकून बघावं म्हणलं तर पॅकिंग फोडत नाहीत (त्यांचंही बरोबर आहे, दुसऱ्याच्या कानात जाऊन आलेलं कोण घेणार). मग खोक्यावरचं वाचून दाखवतात, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ. ते सगळ्याच खोक्यांवर असतं हो, माणसाच्या कानाची रेंजच तेवढी धरतात. त्या रेंजमध्ये कुठं आवाज उचललाय आणि कुठं दाबलाय हे महत्त्वाचं, आणि ते खोक्यावर सहसा नसतं, ते फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सच्या ग्राफवर दिसतं. ड्रायव्हर, म्हणजे आतला आवाज काढणारा छोटा स्पीकर, किती एमएमचा यावरून पण काही ठरत नाही, मोठा ड्रायव्हर म्हणजे चांगला आवाज असं काही नसतं.

स्वस्तातल्या बऱ्याच इअरफोनचा ग्राफ व्ही आकाराचा असतो, खालचा बास वर, अगदी वरचा ट्रेबल वर, आणि मधे खड्डा. गाणारा नेमका त्या खड्ड्यात उभा असतो. डीजेच्या गाण्यांना ते मस्त लागतं, पण ख्यालात तबल्याचा डग्गा धुमधुम करत पुढं आणि बाई मागं कुठंतरी शेजारच्या खोलीत गातायत असं वाटतं.

माझी टेस्ट एकच, तानपुरा. मिरजेत राहून दुसरं काय सुचणार, इथले सितार-तानपुरे जगभर जातात, २०२४ मध्ये दोन्हीला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) पण मिळाला. तर नुसता तानपुरा लावायचा, गाणं नको, आणि डोळे मिटून ऐकायचं. पुरुष गायकाचा सा काळी एक धरला तर साधारण १३८ हर्ट्झ, आणि खरज, म्हणजे खालचा सा, त्याच्या निम्मा, ६९ च्या आसपास. पण तानपुऱ्याची खरी मजा तिथं नसतेच, ती जवारीत असते. घोडीवर तारेखाली तो दोरा सरकवला की तार घोडीला घासून जी झणझण उठते ती म्हणजे वरचे सगळे स्वरांश, मूळ स्वराबरोबर आपोआप उठणारे बारीक स्वर, पार काही हजार हर्ट्झपर्यंत. बास फुगवलेल्या इअरफोनवर खरज नुसता घुमत राहतो आणि जवारी मरते. ट्रेबल चढवलेला असेल तर उलटं, जवारी पत्र्यासारखी वाजते. दोन्ही नीट आलं तर समजायचं मधला भाग जागेवर आहे, मग गळा पण जागेवरच येतो. भाच्याच्या, मैत्रिणींच्या, ऑफिसातल्या लोकांच्या, ज्याचे मिळतील त्याचे इअरफोन मागून मी हेच केलं, लोक म्हणत असतील काय बाई आहे!

अजून एक. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची १९३० च्या दशकातली ध्वनिमुद्रणं ऐकत असाल तर झगझगीत ट्रेबलवाल्यांपासून लांबच राहा. त्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर वरच्या फ्रिक्वेन्सीत गाणं फार नाहीच, तिथं सगळी खरखर आहे, ट्रेबल वाढला की खाँसाहेब तिथंच राहतात आणि खरखर दुप्पट होते. "डिटेल" म्हणून विकतात ते कधीकधी एवढंच असतं.

शेवटी मूनड्रॉप कंपनीचा चू टू घेतला, वायरवाला, ऑनलाईन, बजेटमध्ये बसला. बास आहे पण शिस्तीत, गळा पुढं, वायर सुटी होते म्हणजे वायर गेली तर नवीन लावता येते. वायरलेस या किमतीत मुद्दामच नाही घेतला, तिथं बॅटरी, चिप, माईक सगळ्यात पैसे वाटले जातात आणि आवाजाच्या वाट्याला उरतं थोडंच, असं माझं मत.

आल्यावर आधी रबराची टोपणं बदलून बघा. माझे कान लहान, सगळ्यात छोटी घातल्याशिवाय सील बसलं नाही, आणि सील नसलं की बास गळून जातो आणि लोक कंपनीला शिव्या घालतात. फोनला ३.५ एमएमचं भोक नसेल तर टाईप सीचा डोंगल (मधे जोडायचा छोटा तुकडा) लागेल, तो डॅकवालाच मागा, म्हणजे डिजिटलचा आवाज करणारी चिप आत असलेला, दिसायला सारखाच असणारा साधा डोंगल बऱ्याच फोनवर चालतच नाही. आवाज थोडा इकडंतिकडं करायचा असेल तर अँड्रॉइडवर वेव्हलेट अॅप आहे, त्यात हजारो मॉडेलसाठी तयार इक्वलायझर सेटिंग, म्हणजे बास-ट्रेबल कमीजास्त करायचं, मिळतं. नवीन घेण्याआधी आहे त्याच इअरफोनवर हे करून बघा की, कदाचित २००० वाचतील.

तासगावच्या भाच्याला माझे दिले ऐकायला. त्याचा चेहराच पडला. "आत्या, ह्याला बासच नाही की!" बरोबर आहे त्याचं, तो ऐकतो ते रॅप आणि मिरवणुकीचे रिमिक्स, त्याला माझा इअरफोन म्हणजे उपासाचं जेवण. त्याला सेव्हन हर्ट्झ कंपनीचा झीरो टू सांगितलाय, बास जास्त पण गळा बुडत नाही. थोडा बजेटच्या वर जातोय, पण ते पैसे वहिनी देणार आहे.