ट्रॅकवरनं आलेली गाडी आणि औसा रोडचं गॅरेज

चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या रेसिंग ट्रॅकवरून गाडी लातूरला आणली आणि आज सकाळीच औसा रोडच्या गॅरेजात इंजिन ऑइल काढायला लावलं. मिस्त्री म्हणाला, "दादा, ३००० किलोमीटर बी झालं नाही, कशाला सांडायलाव?"

त्याला काय सांगू! वीस-वीस मिनिटांची चार सेशन, सगळी रेडलाइनजवळ, म्हणजे इंजिन फिरायच्या कमाल मर्यादेजवळ. रस्त्यावर ऑइल १०० अंशांच्या आसपास राहतं, ट्रॅकवर १२५ कडं सरकतं. तिथं ते पातळ पडलं की इंजिनातल्या बेअरिंगवरचा ऑइलचा थर तुटायची भीती. म्हणून यावेळी ५डब्ल्यू-३० ऐवजी ५डब्ल्यू-४० ग्रेडचं ऑइल (मॅन्युअलमध्ये दोन्ही चालतात, बघूनच घेतलं). यातला ४० म्हणजे १०० अंशांवरचा घट्टपणा. ५ हा थंडीतला, आणि लातुरात त्याचं कौतुक कुणाला!

इंजिन गरम असतानाच काढलं. फिल्टर नवा, ड्रेन प्लगचा वायसरही नवा. मिस्त्री प्रेमानं अर्धा लिटर जास्तच ओतायला निघाला होता, हात धरला. पातळी वर गेली की क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा, ऑइलला घुसळतो, फेस होतो, पंप हवा ओढतो.

शेवटी त्यानंच जुनं ऑइल बोटावर घेऊन हुंगलं. "पेट्रोलचा वास यायलाय की हो!"

पेट्रोल मिसळलं की ऑइल पातळ होतं, हे त्यालाही ठाऊक. मग चहा त्यानंच सांगितला.