कोमोला सायकल नेणार असाल तर तळ्याला चक्कर मारू नका, त्रिकोणात शिरा

इटलीच्या उत्तरेतल्या कोमो सरोवराला सायकल घेऊन जायचं ठरलं की डोक्यात पहिला प्लॅन एकच येतो, तळ्याभोवती एक पूर्ण चक्कर. माझाही तोच होता. नकाशा बघितला की मोह होतोच, इंग्रजी वाय उलटा धरावा तसं लांबट तळं, काठाकाठाने रस्ता, सगळं मिळून दीडशेच्या वर किलोमीटर, लवकर निघालो तर एका दिवसात होईल असं वाटतं. मी ती चक्कर मारली आहे आणि आता कोणी विचारलं तर सरळ नको म्हणते.

कारण रस्ता. पश्चिम काठाचा रेजिना रस्ता म्हणजे एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला डोंगर नाहीतर घरांच्या भिंती, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीतून बस, ट्रक, टुरिस्टांच्या गाड्या आणि आपण. पूर्वेला लेक्को ते कोलिको जो मोठा वेगवान हायवे आहे त्यावर सायकलला बंदी, तिथे पाण्याच्या कडेचा जुना रस्ता, एसपी ७२, धरायचा, आणि तो रस्ता खरंच सुंदर आहे. पण बोगदे सगळीकडे भेटतात. इटलीत बोगद्यातून सायकलने जाताना चमकणारं रिफ्लेक्टिव्ह जॅकेट घालणं कायद्याने सक्तीचं आहे आणि लाइट तर हवेतच, पण सगळं अंगावर असूनही मागून ट्रक आत शिरला की त्याचा आवाज भिंतींमधूनच येतोय असं वाटतं, तो वीस मीटरवर आहे का दोनशे मीटरवर काही कळत नाही, आणि आपण हँडल घट्ट धरून फक्त पुढचा उजेड बघत राहतो. तळं बघायला गेले होते आणि अर्धा दिवस मागच्या गाड्या ऐकण्यात गेला.

तर माझं म्हणणं असं की वायच्या दोन पायांच्या मध्ये जो डोंगराळ भाग आहे, एका टोकाला कोमो, दुसऱ्याला लेक्को आणि वर मध्ये बेल्लाजिओ, त्याला तिकडे त्रिआंगोलो लारियानो म्हणतात, सायकल तिथे घालायची. राहायला मी पूर्व काठावर वारेन्नाला होते, तिथून गाड्या नेणारी फेरी बेल्लाजिओला जाते, सायकलचंही तिकीट मिळतं, आणि ट्रॅफिकमध्ये वेळ काढण्यापेक्षा पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर घालवून चढाच्या पायथ्याशी उतरता येतं.

माझा लूप असा: बेल्लाजिओ, गिझाल्लोचा माथा, तिथून खाली लास्निगोच्या बाजूला, मग सोर्मानो गाव, त्याच्या वरचा कोल्मा हा माथा, खाली काठावरचं नेस्सो आणि काठाने परत बेल्लाजिओ. पन्नासच्या आसपास किलोमीटर आणि बाराशे मीटरच्या वर चढ. अंतर बघून हलकं वाटेल पण इथे अंतराला अर्थ नाही, चढ किती आणि किती टक्क्यांचा (म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना किती मीटर वर) तेवढंच बघायचं.

आणि दिशा हीच ठेवा. पहिल्या वेळी मी उलटी गेले आणि पस्तावले. या तळ्यावर दोन वारे आहेत, दोघांना नावं आहेत, पहाटे उत्तरेकडून येतो तो तिवानो आणि दुपार व्हायला लागली की दक्षिणेकडून सुरू होतो तो ब्रेवा. उन्हाने डोंगराच्या कडा तापतात, तिथली हवा वर उठते आणि तिची जागा घ्यायला सपाटीवरून हवा आत ओढली जाते, रात्री डोंगर गार झाले की तीच हवा उलटी खाली उतरते, त्यामुळे हवा चांगली असेल त्या दिवसात हे बऱ्यापैकी ठरलेलं असतं. मी दुपारी बेल्लाजिओहून नेस्सोकडे निघाले म्हणजे ब्रेवा थेट तोंडावर, सपाट दिसणाऱ्या रस्त्यावर ताशी अठरा सुद्धा जमेना, आणि मग नेस्सोहून कोल्मापर्यंतचा लांबलचक चढ भर उन्हात. सरळ दिशेने गेलात की सकाळचा चढ गारव्यात होतो आणि शेवटच्या काठाच्या टप्प्यात तोच ब्रेवा पाठीवर घेऊन येतो.

आता गिझाल्लो. तळ्याचं पाणी समुद्रसपाटीपासून साधारण १९८ मीटरवर, गिझाल्लोचा माथा ७५४ वर, अंतर साडेआठ किलोमीटरच्या आसपास. सरासरी सहा टक्क्यांच्या आसपास निघते आणि ती सरासरी फसवी आहे बरं का. पहिले चार किलोमीटर नऊ टक्के धरून चालतात, मध्ये मध्ये चौदापर्यंत जातात, मग मधला तुकडा जवळपास सपाट, थोडा उतारही, आणि संपलं असं वाटत असताना शेवटचा दीडेक किलोमीटर परत नऊ-दहा टक्के. सुरुवातीला जोर लावलात तर शेवटच्या तुकड्यात पाय राहत नाहीत. मधल्या सपाटीवर खा, पाणी प्या, श्वास खाली येऊ द्या.

वर पोचलात की कृपा करून लगेच उतरू नका. तिथे मादोन्ना देल गिझाल्लोचं छोटं चॅपेल आहे, १९४९ साली पोप पायस बारावे यांनी या मादोन्नाला सायकलस्वारांची संरक्षक म्हणून जाहीर केलं. आत भिंतींवर वरपर्यंत जर्सी आणि सायकली, कोप्पी, बार्ताली, मर्क्स अशा जुन्या नामवंत रेसरांच्या. आणि फाबिओ कासार्तेल्लीची सायकल. तो कोमोचाच मुलगा, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये रोड रेसचं सुवर्ण जिंकला, आणि १९९५ च्या टूर द फ्रान्समध्ये पोर्ते दास्पे घाटाच्या उतारावर पडून त्याचा जीव गेला, वय फक्त २४. त्याची ती अपघातातली वाकलेली सायकल तिथे टांगून ठेवली आहे. मी हेल्मेट हातात घेऊन तिच्याखाली उभी होते, बाहेर कोणाच्या तरी सायकलच्या बुटांखालच्या क्लीटचा फरशीवर टक टक आवाज येत होता, आत पूर्ण शांत. देवाधर्माचं फार करणारी मी नाही, पण तिथे हात आपोआप जोडले गेले. शेजारी सायकलिंगचं म्युझियमही आहे, २००६ साली उघडलेलं, फिओरेंत्सो मान्यी या जुन्या रेसरच्या पुढाकाराने झालं, वेळ असेल तर एक तास द्याच.

इल लोम्बार्दिया ही सायकलची रेस याच डोंगरातून जाते, १९०५ पासूनची, ऑक्टोबरमध्ये होते म्हणून तिला गळत्या पानांची रेस म्हणतात. कोप्पीने ती पाच वेळा जिंकली आणि आताच्या रेसरांपैकी पोगाचारने २०२१ ते २०२५ सलग पाच. त्या पानांचं फक्त फोटोपुरतं समजू नका हं, ऑक्टोबरमध्ये वळणावर ओली पानं पडलेली असतात आणि टायर त्यावरून साबणासारखा सरकतो.

पुढे सोर्मानो. गावातून वर जाताना दोन वाटा, एक नेहमीचा वळणावळणाचा रस्ता आणि दुसरी मुरो दी सोर्मानो, म्हणजे सोर्मानोची भिंत. नाव अगदी बरोबर आहे. जेमतेम दोन किलोमीटर, सरासरी पंधरा टक्क्यांच्या वर आणि सगळ्यात तीव्र ठिकाणी पंचवीसच्याही पुढे. १९६० ते ६२ अशी तीन वर्षं रेसमध्ये होती, बरेच रेसर उतरून चालायला लागले म्हणून काढून टाकली, मग २००६ मध्ये परत डांबर घातलं आणि २०१२ ला ती रेसमध्ये परत आली. गाड्यांना बंद आहे, त्यामुळे पूर्ण रुंदीवर नागमोडी जाता येतं आणि जावंच लागतं. डांबरावर उंचीचे आकडे रंगवलेत, एकेक मीटरचे, मान खाली असते आणि चाकाखालून एक एक आकडा जातो, दोन आकड्यांच्या मध्ये किती वेळ जातो ते तिथे गेल्यावरच कळतं.

इथे गिअरबद्दल बोलायलाच हवं, कारण मी भाड्याने घेतलेल्या सायकलला पुढे ३६ आणि मागे जास्तीत जास्त २८ दातांचा गिअर होता आणि दुकानात पुरेल म्हणून सांगितलं होतं. नाही पुरला. हिशोब सोपा आहे, पुढे ३४ मागे ३४ असेल तर पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एक फेरा, म्हणजे साधारण २.१ मीटर, मिनिटाला ४० फेऱ्यांनी ताशी पाच किलोमीटर. माझं आणि सायकलचं मिळून ७५ किलो धरलं तर सतरा टक्क्यांवर त्याला १७०-१८० वॉट लागतात. ३६-२८ वर तेच ४० फेरे मारायचे तर ताशी साडेसहाच्या वेगाने चढावं लागतं, म्हणजे सव्वादोनशेच्या पुढे वॉट, आणि ते माझ्याकडे नाहीत. भिंत पहिल्यांदा चढताना शेवटचा भाग चालत गेले आणि फार वाईट वाटलं. पुढच्या खेपेला आधीच सांगून ३४-३४ मागून घेतला आणि न उतरता वर गेले. तेव्हा बुकिंग करतानाच दात विचारा, सायकलचा ब्रँड नंतर.

कोल्मा ११२४ मीटरवर. तिथे जॅकेट घाला, घामाने भिजलेल्या अंगाने नेस्सोचा उतार घेऊ नका. हा उतार अरुंद आहे, वळणं अंगावर येतात, २०२० च्या रेसमध्ये रेमको एव्हनपूल इथेच एका पुलाचा कठडा ओलांडून खाली दरीत पडला आणि त्याचं ओटीपोटाचं हाड मोडलं. जगातल्या चांगल्यात चांगल्या रेसरचं हे झालं. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात ब्रेक सोडलेला, नजर वळणाच्या पलीकडे, आणि तळं दिसलं तरी चालत्या सायकलवरून बघायचं नाही, थांबून बघा, जागा आहेत.

नेस्सोला पोचलात की जुन्या दगडी पुलापर्यंत पायऱ्या उतरून जा, घळीतून पाणी थेट तळ्यात पडतं, पाय बुडवून दहा मिनिटं बसा. तिथून बेल्लाजिओपर्यंतचा रस्ताही पूर्ण सपाट नाही, वर खाली होतो, बसला साइड द्यावी लागते, पण पाठीवर ब्रेवा असतो आणि पाय संपलेले असूनही सायकल पळते. शेवटच्या खेपेला मी पावणेपाचला धक्क्यावर पोचले, फेरी समोरून येतच होती, आणि पाण्यावर तोच वारा लहान लहान लाटा करत उत्तरेकडे चालला होता.