अनाथ पॅकेजेसपैकी कोणती सांभाळायची?

डेबियन या मुक्त संगणक-प्रणालीत प्रत्येक कार्यक्रम 'पॅकेज' म्हणून बांधलेला असतो आणि 'मेंटेनर' त्याची देखभाल करतो. मेंटेनरने एखादे पॅकेज सोडले, म्हणजे ते अनाथ झाले, तरी ते लगेच नाहीसे होत नाही. त्याच्या नावाने एक बग (अडचणीची नोंद) नोंदवला जातो, बगच्या शीर्षकाआधी 'ओ' ('ऑर्फन्ड', म्हणजे अनाथ) हे अक्षर लागते, मेंटेनरच्या जागी गुणवत्ता पाहणाऱ्या क्यूए गटाचा पत्ता येतो आणि कुणीतरी हाती घेईल या अपेक्षेने ते पॅकेज यादीत पडून राहते. आम्ही नाशिकमधले काही जण सवड मिळेल त्या रविवारी कॉलेज रोडवर एका मित्राच्या ऑफिसात जमतो आणि ही यादी चाळतो. नोकरीधंदा सांभाळून प्रत्येकाला एखाददुसरेच पॅकेज पेलवते, त्यामुळे कोणते घ्यायचे या चर्चेतच आमचा बराच वेळ जातो, आणि तो तसा जायलाच हवा असे माझे मत आहे.

नव्याने आलेला माणूस आधी 'डब्ल्यूएनपीपी-अलर्ट' ही आज्ञा चालवतो. आपल्याच लॅपटॉपवरची कोणती पॅकेजेस अनाथ आहेत हे तिच्यामुळे ओळीने समोर येते. त्यानंतर तो पॉपकॉनचा, म्हणजे पॅकेज किती संगणकांवर आहे हे मोजणाऱ्या पाहणीचा, आकडा पाहतो आणि मोठा आकडा असलेले पॅकेज निवडू लागतो. इथे मी त्याला थांबवतो. डेबियन बसवताना आपल्या पॅकेजेसची माहिती या पाहणीला पाठवायची का असे विचारले जाते आणि तिथे आधीपासून निवडलेले उत्तर 'नाही' असते, त्यामुळे ज्यांनी मुद्दाम होकार दिला तेवढेच संगणक त्या आकड्यात मोजले जातात. एखादी लायब्ररी (इतर कार्यक्रम वापरतात तो तयार कोड) दुसऱ्या कार्यक्रमामागून आपोआप येते म्हणून तिचा आकडा फुगतो. उलट मराठी लिहिण्यासाठी लागणारे पॅकेज शाळेतल्या किंवा छोट्या कचेरीतल्या संगणकावर रोज चालत असले तरी त्याचा आकडा नगण्यच राहतो.

म्हणून आम्ही आधी त्या पॅकेजवर आणखी कोणती पॅकेजेस उभी आहेत ते पाहतो आणि मग मूळ प्रकल्प, म्हणजे जिथे तो कार्यक्रम लिहिला जातो ते काम, जिवंत आहे का याचा शोध घेतो. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिसते तितके सोपे नसते. नवी आवृत्ती कुठे शोधायची हे सांगणाऱ्या 'डेबियन/वॉच' फाइलमधला पत्ता बंद पडलेला असतो आणि कोडचा दुवा २०१८ मध्ये बंद झालेल्या अलिओथ या डेबियनच्या जुन्या कोड-सर्व्हरकडे बोट दाखवत असतो, पण एवढ्यावरून ते पॅकेज मेले असे ठरत नाही. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीचा, पायथॉन २ चा, आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. त्यावरच अडकलेला आणि मूळ लेखकाने सोडून दिलेला कार्यक्रम हाती घेणे म्हणजे तो जवळजवळ नव्याने लिहिणे होय. याउलट कळफलकाच्या आराखड्याची फाइल वर्षानुवर्षे बदलली नाही, तर बहुधा तिचे काम पूर्ण झालेले असते.

अशाच एका आराखड्यावर आमची बरीच चर्चा झाली. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन्ही शब्द त्यातून वेगवेगळे उमटतात का, हे आम्ही टंकून पाहिले. दुसऱ्या शब्दासाठी नुक्त्याचा ऱ तरी लागतो, नाहीतर र आणि हलन्तानंतर शून्य रुंदीचा जोडक. आराखड्यात यांपैकी काहीच नसेल तर पॅकेज बिनचूक बांधले जाते, स्वयंचलित चाचण्या पार पडतात आणि तरीही मराठी माणसाला साधे 'तऱ्हा' लिहिता येत नाही. मराठी न जाणणाऱ्या मेंटेनरने कितीही मनापासून काम केले तरी ही उणीव त्याच्या नजरेला पडणे कठीण आहे. अशी पॅकेजेस आम्ही आकड्याकडे न पाहता घ्यावीत, हे माझे ठाम म्हणणे आहे.

घेताना माणसे किती, हाही प्रश्न असतो. एक्सझेड या फाइली लहान करणाऱ्या कार्यक्रमाच्या प्रकरणात दमलेल्या एकट्या मेंटेनरला 'जिया तान' या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दीर्घकाळ मदत करून विश्वास मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातली. दूरच्या संगणकात शिरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एसएसएचला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद अधिक का लागतो याचा अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरांनी पिच्छा पुरवला, म्हणून २९ मार्च २०२४ रोजी ते उघड झाले. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ती चोरवाट पोचली नव्हती, अस्थिर आणि चाचणी शाखांत मात्र ती आली होती. तेव्हापासून किमान दोघांची तयारी असल्याशिवाय पॅकेज घ्यायचे नाही, यावर मी अडून बसतो.

जे घेता येत नाही, ज्याला चांगला पर्याय आहे आणि ज्याच्यावर दुसरे काही अवलंबून नाही, ते काढून टाकावे अशी विनंती आम्ही कारणांसह डेबियनचा संग्रह सांभाळणाऱ्या एफटीपी गटाकडे मांडतो. काढलेल्या पॅकेजच्या जुन्या आवृत्त्या स्नॅपशॉट संग्रहात राहतात, त्यामुळे पुढे कुणाला गरज भासली तर काम तिथून उचलता येते. कळफलकाच्या त्या आराखड्याला दोघे जण मिळाले आहेत; बगच्या शीर्षकातला 'ओ' बदलून 'आयटीए' (दत्तक घेण्याचा इरादा) केला आहे आणि आमच्यापैकी कुणालाच थेट अपलोडचा अधिकार नसल्यामुळे आता आमच्या वतीने अपलोड करून देणारा प्रायोजक शोधणे चालू आहे.