जुलाब महिनाभर टिकले, आणि गाडी अडली लॅबच्या काउंटरवर

‘पातळ आहे, चालणार नाही. घट्ट झाली की आणा.’ जुलाबाचं निदान व्हावं म्हणून नेलेल्या संडासच्या नमुन्याच्या डबीकडे बघत काउंटरवरच्या माणसाने हे ऐकवलं. राग अजून गेलेला नाही, म्हणून आधी याच टप्प्याबद्दल. डॉक्टरांची वेळ, रक्त, सोनोग्राफी हे सगळं बिनबोभाट झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

‘घट्ट आणा’ हा नियम एका चाचणीपुरता खरा आहे. इलास्टेज हे स्वादुपिंडाचं पाचक एन्झाइम; त्याच्या तपासणीत पाण्यासारख्या नमुन्यातलं एन्झाइम विरळ होतं आणि आकडा खोटाच कमी येतो. पण मायक्रोस्कोपखाली जिआर्डिया किंवा अमीबा हे आतड्यातले परजीवी शोधायचे असतील तर पातळ नमुना उत्तम, कारण त्यात परजीवीची जिवंत, हलणारी अवस्था असते. ती बाहेर आल्यावर फार टिकत नाही. पातळ नमुना अर्ध्या तासात, फार तर तासाभरात काचेवर जायला हवा. इथेच सगळं फसतं. गल्लीतलं कलेक्शन सेंटर म्हणजे लॅब नव्हे. सकाळी सातला दिलेली डबी दुपारच्या पिशवीतून मुख्य लॅबला जाते आणि संध्याकाळी मेसेज येतो: परजीवी आढळले नाहीत. तो कागद बघून कोणीतरी ‘टेन्शनमुळे होतंय’ म्हणून मोकळं होतं.

म्हणून पैसे भरायच्या आधी विचारा: स्टूल इथेच बघता का? बघणारे किती वाजता येतात? घट्ट चालेल, पातळ चालेल, ते कोणत्या चाचणीला? नीट उत्तर मिळालं नाही तर सरळ हॉस्पिटलच्या आवारातली लॅब गाठा. माझ्या बाबतीत जिआर्डिया तिथेच दिसला. एक नमुना कोरा आला म्हणजे सुटलो असंही नाही. जिआर्डिया रोज बाहेर पडत नाही, त्यामुळे दहाएक दिवसांच्या आत वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्यायची पद्धत आहे. काउंटरवर ‘एकदा दिलंय ना?’ म्हणतील. डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच ‘तीन नमुने’ लिहून घ्या.

नमुना घेताना लघवी आणि नळाचं पाणी मिसळू देऊ नका. भारतीय पद्धतीच्या संडासात रुंद, कोरडं, जुनं प्लास्टिकचं भांडं ठेवावं. कमोडवर सीटखाली प्लास्टिकचा कागद सैल ताणून लावावा. लघवी आधी उरकून घ्या. झाकणाला चमचा असलेली डबी मेडिकलमध्ये मिळते. आव किंवा रक्त दिसेल तो भाग आधी उचला. डबी तिसरा हिस्सा भरली तरी पुरे. गच्च भरली की गॅसने झाकण उडतं. नाव आणि वेळ झाकणावर नको, डबीच्या अंगावर लिहा. झाकणं बदलतात. आणि नमुन्याआधी मनाने अँटिबायोटिक घेऊ नका, परजीवी काही दिवस लपतो आणि रिपोर्ट वाया जातो.

कॅलप्रोटेक्टिन ही आतड्याच्या सुजेची चाचणी मात्र निवांत आहे, तिला ती घाई नाही. आकडा (µg/g मध्ये) 50 च्या खाली असेल तर सूज असण्याची शक्यता कमी, 250 च्या वर असेल तर कोलोनोस्कोपीची, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीची, तयारी ठेवा. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी आकडा वाढतो, तेव्हा घेत असाल तर आधी सांगा. आकडा वाढलेला असला तरी क्रोन्स (आतड्याच्या सुजेचा जुनाट आजार) की आतड्याचा टीबी हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी कोलोनोस्कोपीत आतड्याचा तुकडा काढावा लागतो, आणि टीबीची जीनएक्स्पर्ट (जंतूचा डीएनए शोधणारी) किंवा कल्चर (जंतू वाढवून बघणारी) चाचणी करायची असेल तर एक तुकडा फॉर्मलिन या टिकवणाऱ्या रसायनात नव्हे, सलाइनमध्ये जायला हवा. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चरला काही उरत नाही. हे कोलोनोस्कोपीच्या आधीच बोलून ठेवा.

आता जे पहिल्यांदा लिहायला हवं होतं ते. दिवसात तीन किंवा जास्त वेळा पातळ होणं चार आठवड्यांहून जास्त चाललं तर तो जुनाट अतिसार, आणि मेडिकलवाल्याच्या गोळ्या थांबवून तपासणी करायची. पण रक्त पडत असेल, वजन उतरत असेल, ताप येत असेल, रात्री झोपेतून उठून जावं लागत असेल, अॅनिमिया निघाला असेल किंवा पन्नाशीनंतर हे नव्याने सुरू झालं असेल, तर चार आठवडे थांबायचं नाही. घरात कोणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल तरीही तेच. चक्कर, लघवी कमी किंवा गडद होणं, काळी डांबरासारखी संडास, यात त्याच दिवशी दवाखाना. तोवर ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच कालवा. पेल्यात कालवलं तर जास्त खारट होऊन त्रास वाढतो. रक्त किंवा ताप असताना जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी मनाने घेऊ नका.

डॉक्टरांना गोळ्यांची पूर्ण यादी दाखवा. मधुमेहाची मेटफॉर्मिन हे नेहमीचं आणि नेहमी विसरलं जाणारं कारण. पित्ताशय काढलेलं असेल तेही सांगा, पित्तामुळेही जुलाब लागतात. थायरॉइडमुळे होत असेल तर ते रक्तातच कळतं.

आणि एक: कोणी ‘गहू सोडून बघ’ म्हणालं तरी सीलिअकची (गव्हामुळे आतड्याला इजा होण्याच्या आजाराची) रक्तचाचणी होईपर्यंत पोळी सोडू नका. गहू बंद केल्यावर अँटिबॉडी उतरते आणि चाचणी खोटी नॉर्मल येते. मग खात्रीसाठी पुन्हा काही आठवडे गहू खावा लागतो.

जिआर्डिया निघाला तर औषध सोपं आहे, टिनिडॅझोलचा डोस डॉक्टर ठरवतात. त्या काळात दारू बंद. नंतर काही जणांना काही आठवडे दूध पचत नाही, त्याचा अर्थ औषध फसलं असा नाही. पाणी उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळू द्या; क्लोरीनच्या थेंबांवर जिआर्डियाचं सिस्ट (त्याची कवचबंद अवस्था) बऱ्याचदा तग धरतं. सोसायटीची टाकी कधी धुतली ते सेक्रेटरींना विचारा, आणि घरात आणखी कोणाचं पोट बिघडलेलं असेल तर त्यांचाही नमुना द्या. ताजा.