क्वार्टरची किल्ली

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. शांघायला चार वर्षं काढली म्हटलं की प्रश्न ठरलेला: "चीन कम्युनिस्ट ना? मग तिथे लोकांच्या मालकीचे फ्लॅट कसे?"

माझे बाबा रेल्वेत होते. घर म्हणजे क्वार्टर, भाडं पगारातून परस्पर कापलेलं, रिटायर झालं की किल्ली परत. चीनच्या शहरांत एके काळी बहुतेकांचं असंच होतं. जिथे नोकरी ती 'दानवेई', म्हणजे कामाची सरकारी संस्था, घर देई. भाडं इतकं किरकोळ, की त्यात दुरुस्तीही भागत नसे, मग नवं बांधणार कशातून? १९७८ साली शहरात माणशी राहती जागा होती ३.६ चौरस मीटर. दोन खाटा टाकल्या की संपली.

माझ्या घरमालकीणबाईंना मी 'आयी' म्हणायची. तिकडे त्याचा अर्थ मावशी. त्या कापड गिरणीत होत्या. जुन्या घरी तीन बिऱ्हाडांत एक स्वयंपाकघर आणि तरी बल्ब तीन! ज्याचा त्याचा मीटर, ज्याच्या त्याच्या खोलीत बटण. शेजारणीच्या उजेडात भात शिजवला तर भांडण.

घरं विकायची भाषा चीनचे तेव्हाचे सर्वोच्च नेते डंग शियाओपिंग यांनी १९८० मध्येच केली होती. शांघायने १९९१ मध्ये सिंगापूरचं बघून घरासाठी भविष्य निर्वाह निधी काढला. १९९८ मध्ये झू रोंगजी पंतप्रधान असताना घरवाटप बंद करायचा हुकूम निघाला. तोवर राहत्या भाडेकरूंना आपापली क्वार्टर्स स्वस्तात विकणं जोरात सुरू झालं होतं. जमीन मात्र सरकारचीच. घराखालच्या जमिनीचा वापरहक्क ७० वर्षांचा.

गोम इथेच आहे. मुळात जागा मिळाली ती हुद्दा आणि नोकरीची वर्षं बघून. किमतीत सूटही त्याच वर्षांवर. म्हणजे साहेबाची मोठी जागा साहेबाचीच झाली. खेड्यातून मजुरीला आलेल्याचं नाव तर कुठल्याच यादीत नव्हतं. आणि नंतर नोकरीला लागलेल्या पोरांच्या वाट्याला आला थेट बाजारभाव. मला ही सुधारणा कमी आणि 'जो बसला त्याची जागा' जास्त वाटते.

आयींचा मुलगा त्या पोरांतलाच. त्याच्या फ्लॅटची सुरुवातीची रक्कम भरायला त्यांनी आपलं घर विकलं, म्हणून मला ते रिकामं करावं लागलं. किल्ली परत देताना त्यांनाच भरून आलं. मला लहानपणापासून सवय होती.