पॅनेल छतावर, मीटर कार्यालयात : माझा अनुभव

घराच्या छतावर तीन किलोवॅटचा सौर प्रकल्प बसवण्याचे काम, पंतप्रधान सूर्यघर योजनेत अर्ज भरण्यापासून पॅनेल उभी राहीपर्यंत, इतके सुरळीत पार पडले की त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. घोडे अडले ते नेट मीटरपाशी, म्हणजे घरात आलेली आणि छतावरून बाहेरच्या लाइनवर गेलेली वीज वेगवेगळी मोजणाऱ्या मीटरपाशी.

ऐन वैशाखातले ऊन छतावर रणरणत होते आणि पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर मात्र बंद ठेवावा लागत होता; कारण साधे मीटर बाहेर गेलेली वीज वेगळी मोजत नाही, उलट काही मीटर तीही वापरात धरून बिलात चढवतात. एजन्सीच्या तंत्रज्ञाने एमसीबी, म्हणजे वीजप्रवाह तोडणारा स्विच, खाली पाडून त्यावर चिकटपट्टी लावली होती, आणि जिन्यातून येता-जाता ती दिसली की माझा पारा चढत असे. वीज कार्यालयात आधी मीटर शिल्लक नव्हते, मग ते आले पण टेस्टिंगला गेले, आणि टेस्टिंगचा अहवाल आला तेव्हा सही करणारे साहेब साइटवर होते. नेहमीचे बिल मात्र वेळेवर येत राहिले! एवढा प्रकल्प स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण १२ युनिट वीज देतो, हे माहीत असल्याने रोज संध्याकाळी बुडालेल्या युनिटांचा हिशेब मनातल्या मनात होत असे. अखेर लेखी अर्ज देऊन आवक क्रमांक घेतला, तेव्हा कुठे फाइल हलली. तोंडी चौकशीची नोंद कुठेच राहत नाही, म्हणून हा क्रमांक पहिल्याच भेटीत घ्यावा.

पुढे तपासणी झाली आणि ७८,००० रुपयांचे अनुदान खात्यात जमा झाले. त्यासाठी पॅनेल आणि त्यांतील सेल भारतीय बनावटीचे, म्हणजे डीसीआर, असावे लागतात. कोटेशनमध्ये तसे लिहून घ्यावे. वीजबिल अजून दिवंगत वडिलांच्या नावावर असेल, तर नावबदल अर्जापूर्वीच उरकावा.

आणखी एक. बॅटरी नसेल तर वीज गेल्यावर भर दुपारीही हा प्रकल्प बंद पडतो, कारण लाइनवर चढलेल्या वायरमनला आपल्या विजेचा धक्का बसता कामा नये. रात्री तर कोळशाच्या आणि कोयनेच्या विजेवरच आपली भिस्त असते. त्यामुळे बाहेर दिलेली वीज घेतलेल्या विजेपेक्षा जास्त झाली तरी बिलातला स्थिर आकार भरावाच लागतो, आणि तो भरताना माझी आता तक्रार नाही.